आजीची नळी

ल्युबिसावची फिचा, त्याची ती जुनी चिमुकली गाडी, तिसऱ्या वळणावर पुन्हा बंद पडली, तेव्हा मागच्या सीटवर बटाट्यांची दोन पोती होती आणि पुढे मी. पोती नवरीच्या जागी होती. मी कुणाच्या जागी होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी ढकलायची वेळ आली की ते आपोआप कळायचं.

"उतर, कूम," तो म्हणाला.

"उतरून काय करू? चर्चपर्यंत खांद्यावर नेऊ?"

"नुसता उतर. तेवढंच वजन कमी होईल."

"मग बटाट्यांना सांग की. ते माझ्यापेक्षा जड आहेत."

मी उतरलो. त्याच्या लग्नात मी साक्षीदार म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून तो मला कूम म्हणतो आणि मी त्याला. हे नातं मोडता येत नाही. येत असतं तर त्या आठवड्यात मी ते रोज मोडलं असतं.

रविवारी त्याच्या नातीचं, नेवेनाचं लग्न होतं. शाळेत असतानाच तिने ठरवून टाकलं होतं की टेकडीवरच्या चर्चला जायचं ते आजोबांच्या फिचातूनच. आणि आमच्याकडे नवरीची गाडी घरातून निघाली की चर्चच्या दारापर्यंत थांबत नाही. थांबलीच, तर पुढे त्या संसारात जी जी भांडी आपटतील, त्या सगळ्यांचं खापर गावातल्या म्हाताऱ्या त्या एका वळणावर फोडतात. ल्युबिसावच्या मुलाने, मियोद्रागने, साफ सांगितलं होतं: शनिवारपर्यंत ही चढली नाही तर नेवेना माझ्या काळ्या गाडीतून जाईल. काळी गाडी तो रोज धुऊन तयार ठेवत होता, अगदी बापाच्या नजरेसमोर.

ल्युबिसाव आमचा पोस्टमन होता. मोरावा नदीच्या या काठावरच्या निम्म्या घरांची सुखदुःखं त्याने याच गाडीतून पोचवली. माणूस म्हणून त्याच्या खात्यावर तेवढी एकच मोठी जमा: निघाला की पोचायचा. आता लोकांदेखत नेमकी तीच खोडली जाणार होती.

गाडीचा आजार विचित्र होता. सपाट रस्त्यावर ती शिलाई मशीनसारखी चालायची. चढ लागला की आधी आचके द्यायची, मग जोर जायचा, मग गप्प. थोडा वेळ उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. त्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, पंप नवा बसवला. दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्या प्रत्येकाने एकेक सल्ला दिला, आणि ज्यांच्याकडे गाडीच नव्हती त्यांनी दोन-दोन दिले. फक्त एका जागी तो कुणाला हात लावू देत नव्हता. फिचाची टाकी पुढे असते आणि इंजिन मागे. टाकीखाली वीतभर तांबडी रबरी नळी होती. कुणी तिकडे वाकलं की तो म्हणायचा, "तिथे काही नाही."

काय होतं ते मला माहीत होतं. एका शरदात, घरच्या प्लमची दारू, राकिया, गाळायच्या दिवसांत, नदीकाठी गाडीची मूळ नळी चिरली. शेजारी बसलेल्या विदोसावाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मांडीवर पिंपातून राकिया ओढायची नळी होती. त्याचं शिव्या देणं संपायच्या आत तिने त्याच्याच सुरीने वीतभर तुकडा कापला आणि बसवला. वर बजावलं, ही घरी पोचण्यापुरती, सोमवारी बदल. सोमवारी त्याने बदलली नाही. त्या हिवाळ्यात विदोसावाच गेली. मग कुठला सोमवार.

शुक्रवारी नेवेना शहरातून आली. ती तिथे हृदयाच्या वॉर्डात नर्स आहे. आम्ही पुन्हा बटाटे घेऊन गेलो आणि बटाटे घेऊन परत आलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली.

"आजोबा, सपाटीवर बरं, चढावर धाप, थांबलं की ठीक. गेल्या वर्षी हेच घेऊन तुम्ही माझ्याकडे आला होता."

"माझी तर नळी बारीक झाली होती."

"मग? बाहेरून तुम्हीही धडधाकटच दिसत होता."

मला एकदम उलगडलं. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल चढाची सुरुवात करून देत होतं. पुढे इंजिन मागायचं घोटभर, आणि येत होता थेंब. उभं राहिलं की वाटी हळूहळू पुन्हा भरायची. आम्ही गाडीच्या पोटाखालचा लांब लोखंडी पाइप फुंकून पाहिला. तो साफ होता. उरली ती एकच.

"तिथे काही नाही," ल्युबिसाव म्हणाला. आवाज मात्र पडला होता.

नेवेना वाकली आणि बराच वेळ नळीकडे पाहत राहिली.

"आजीची ना ही? राहू द्या, आजोबा. मी बाबांच्या गाडीतून जाते."

तिला ते मनापासून म्हणायचं होतं. टोमणा असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो अंगणात एक फेरी मारून आला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"तिने मला सोडलं नसतं," तो म्हणाला. "सोमवार म्हणाली होती."

मग खिशातली सुरी काढून त्याने स्वतःच नळी कापली.

बाहेरून ती गुळगुळीत होती. आतलं रबर पेट्रोल पिऊन पिऊन सुजलं होतं, आणि भोक काडीएवढं उरलं होतं. ते डोळ्याला लावून त्याने आभाळ पाहिलं.

"एवढ्याशा वाटेने इतकी वर्षं चालवलं बघ हिने मला."

माझ्याकडे एक चांगला टोमणा तयार होता. तो मी पुढच्या वर्षासाठी ठेवून दिला.

रविवारी नवी नळी घातलेली फिचा पुढे, मागे काळी गाडी, आणि तिच्यात मी. तिसरं वळण आलं तसा मियोद्राग बोलायचा थांबला. समोरची फिचा न अडखळता वळली आणि वर गेली. मियोद्रागने डोळे पुसले. म्हणाला, ऊन फार आहे. मी म्हटलं, आहे.

चर्चच्या दारात एक मुलगी सगळ्यांच्या छातीवर रोजमेरीची डहाळी टाचत होती. ल्युबिसावने आणखी एक मागून घेतली. "आलोच," म्हणाला आणि मागच्या बाजूला गेला. घंटा वाजायच्या आत परतला.

वरात आल्या वाटेने परतत नाही, म्हणून आम्ही दफनभूमीकडून उतरलो. विदोसावाच्या कबरीपाशी वीतभर तांबडी नळी मातीत उभी होती. तिच्या भोकात डहाळीचा देठ नेमका बसला होता.