पाहुण्यांसाठी धुतलेला पाय

माझा आवाज मोठा आहे. नरखेड तालुक्यातल्या पाच गावांत नर्स म्हणून वीस वर्षं फिरून राहिली, हळू बोललं तर कोणी ऐकतच नाही. पण त्या गुरुवारी मनकर्णाकाकूच्या अंगणात मी हळूच बोलली.

काकूचे मालक रामाजी, संत्र्याच्या बगिच्यावाले. शुगर जुनी. उजव्या तळपायाले जखम झाली, ती भरेचना. नागपूरच्या सर्जननं सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत भरली नाही तर पंजा काढावा लागेल. रामाजी मले म्हणाले, "बाई, पाय गेला तर मी बगिच्यात जाऊ कसा?" मी त्यांच्यावरच खेकसली, "जात नाही पाय. मी आहे न." बोलून तर बसली, आता निभावणं आलं.

त्याच सुमारास नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजातून उन्नती मॅडम आल्या. घरी राहणाऱ्या पेशंटच्या जखमा लवकर कशा भरतील, यावर त्यांचा अभ्यास सुरू होता. त्या आम्हाले पट्टीची नवी पद्धत शिकवणार, आम्ही करणार, अन् दर दुसऱ्या शुक्रवारी त्या स्वतः येऊन फोटो काढणार, माप घेणार. मधल्या शुक्रवारचं माप माझ्याकडे. मनात म्हटलं, आल्या शहाणपण शिकवायले. पण त्यांनी खाली बसून रामाजीचा पाय सरळ मांडीवर घेतला, तेव्हा माझा अर्धा राग उतरला. "ताई, तुमचा हात फार हलका आहे," असं म्हणाल्या, तेव्हा उरलेलाही गेला. मी अशीच आहे, कौतुकानं विरघळते.

पद्धत साधी होती. जखमेच्या भोवती जाड गादी लावायची, म्हणजे चालताना जखमेवर भार येत नाही. वरून पट्टी. ती मंगळवारी अन् शुक्रवारी मीच सोडायची, मधात कोणी हात लावायचा नाही.

दोन महिने गेले. एक दिवस मॅडमचा फोन आला. "ताई, मी येते त्या शुक्रवारी जखम मोठी दिसते. मी नसते तेव्हा लहान. असं का होत असेल?"

"म्हणजे मी मापात खोट करून राहिली का?" म्हटलं अन् फोन ठेवून दिला.

रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, शुक्रवारी मॅडम येणार होत्या. दुपारी न सांगता गाडी काढली अन् रामाजीच्या घरी गेली.

अंगण ताजं सारवलेलं. रामाजी खुर्चीवर, पाय परातीतल्या गरम पाण्यात. काकू तळवा घासून राहिल्या होत्या. अन् ती गादी तुळशीच्या ओट्यावर उन्हात वाळत पडलेली.

मी ती गादी उचलली अन् हळूच विचारलं, "काकू, हे काय?"

"उद्या मॅडम येतात न," काकू म्हणाल्या. "पाहुणे येणार तं आपण अंगण सारवतो. मग पाय असा मळका दाखवू का? तुम्हीच तं सांगितलं होतं, मॅडम फोटो काढतात, पाय चांगला दिसला पाहिजे."

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, माझ्याच मोठ्या आवाजात. काकू दर खेपेले पाय धुवून पट्टी पुन्हा जशीच्या तशी बांधत, माझ्याहून साफ. अन् मी ती मॅडमले दाखवून मिरवली होती, "पहा, तीन दिवस झाले तरी कशी टिकली!" गरम पाण्यानं अन् घासण्यानं जखम दर खेपेले पुन्हा उघडत होती. माझ्या एका वाक्यापायी माणसाचा पंजा जाणार होता. लाज वाटली, भीती त्याहून जास्त.

तिथंच बसून नवी पट्टी केली अन् मॅडमले फोन लावून सारं सांगितलं. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ताई, मी कागदावर 'रुग्ण सूचना पाळत नाही' असं लिहून ठेवलं होतं. खोडते. ते चुकीचं आहे."

शुक्रवारी त्या आल्या, पण पायाले हात लावला नाही. चहा घेतला अन् काकूले म्हणाल्या, "काकू, आजपासून मी पाहुणी नाही. पट्टी कधी सुटेल ते तुम्ही सांगायचं. मलाही आणि ताईंनाही."

काकूनं कुंकवाचा करंडा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीपासून मंगळवार-शुक्रवारले कुंकवाची बोटं लागू लागली.

दिवाळीच्या आठवड्यात मॅडम सोमवारीच आल्या, सोबत कॉलेजचे दोन मोठे प्राध्यापक. अंगण झाडलेलं नव्हतं. काकू बगिच्यातून मातीच्या हातांनी आल्या अन् दारातच उभ्या राहिल्या. "आज सोमवार. पट्टी उद्या सुटते."

"नागपूरहून आलोय आम्ही," एक सर म्हणाले.

"मग उद्या या न."

मॅडमनं सरांकडे पाहिलंही नाही. "उद्या येतो, काकू," म्हणाल्या.

मंगळवारी एकट्या मॅडमच आल्या. काकूनं मान हलवली, तेव्हा मी पट्टी सोडली. जखमेच्या जागी गुलाबी, कोरडी कातडी. मी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. जखम नव्हती. आता सर्जनकडे फक्त दाखवायले जायचं होतं. रामाजी रडले, मी रडली, मॅडमचा चष्मा ओला झाला. त्यात लाजायचं काय?

मॅडम निघाल्या, तसे रामाजी सवयीनं काठी घेऊन उठू लागले. पाहुण्याले गाडीपर्यंत पोचवायचं, ही या घरची रीत.

काकूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. कातडी नवी आहे. मॅडमले रस्ता माहीत आहे."