ठकीचा ढेकर

ठकीच्या आईने आजवर हजारेक कॉलरी शिवल्या असतील, पण जठराची कॉलर तिने बापजन्मी ऐकली नव्हती.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. जठराचा वरचा भाग अन्ननळीच्या टोकाभोवती गुंडाळायचा नि टाके घालायचे, म्हणजे पोटातलं वर उसळणार नाही. सहा वर्षांच्या ठकीला मेंदूच्या दुखण्यामुळे ना बसता येत होतं, ना बोलता. खाल्लेलं वर यायचं आणि श्वासात जायचं. वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला होता. चौथा तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"घट्ट किती आवळता?" आईने विचारलं.

बाबाने कपाळाला हात लावला. कुठे काय विचारावं, हिला कधी कळणार!

डॉक्टर मात्र खूश झाले. "अन्ननळीत जाडसर नळी घालूनच टाके घेतो. फार आवळलं तर घास अडकतो."

"बरोबर! आम्हीही कॉलर शिवताना गळ्यात दोन बोटं जागा ठेवतो." मग ती जरा घुटमळली. "आणि ढेकर?"

"बहुतेक येणार नाही. हवा काढायला पोटावर नळी बसवू."

आता ढेकर म्हणजे काय मोठी गोष्ट, असं कुणीही म्हणेल. पण खुळखुळे, गाणी, माकडचेष्टा, सगळं करून झालं होतं. ठकी हसायची ती एकाच गोष्टीला. जेवल्यावर बाबा मुद्दाम मोठ्ठा ढेकर द्यायचा, मग तिला यायचा, आणि पोरगी खदखदून हसायची. ते हसू गेलं तर? पण आधी श्वास. आईने सही केली.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी ठकीचं पोट फुगलं, ती कण्हायला लागली. सिस्टरने पोटावरच्या नळीला दट्ट्या काढलेली सिरिंज जोडली, उंच धरली आणि चिमटा उघडला. आई वाकलीच बघायला. थोडं दूध वर चढलं आणि बुडबुड, बुडबुड, भुर्रर्र!

शेजारच्या खाटेपाशी बसलेली आजी दचकली. ठकी नुसती डोळे विस्फारून बघत राहिली.

बाबाने इकडेतिकडे पाहिलं आणि दणदणीत ढेकर दिला.

"अहो, वॉर्ड आहे हा!" सिस्टर ओरडली.

तेवढ्यात नळीतून पुन्हा भुर्रर्र! ठकी खदखदून हसली.

आईने डोळे पुसले. "सिस्टर, ही सिरिंज घरी न्यायला मिळेल ना हो?"