टाळूवरची भाषा

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. कवळी नीट बसली की नाही, हे ती कानानं ओळखायची. पेशंटला 'सासूचा सल्ला' म्हणायला लावायची. 'स'ची शिट्टी वाजली, की पुढचे दात पुन्हा मेणात.

तिच्या धाकटीनं कॉलेजात भाषाशास्त्र घेतलं होतं. सोबत एक परकी भाषा शिकायचीच होती, आणि फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते.

"फ्रेंच घे," काकांनी फर्मावलं. "नोकऱ्या पायाशी लोळण घेतील."

"काका, मला भाषेची घडण बघायचीय. आपल्यापेक्षा अगदी वेगळी हवी."

काकांनी हात टेकले. धाकटी मोबाइल घेऊन आईच्या टेबलापाशी आली आणि एकेक भाषा ऐकवू लागली. आई मेण खरवडत हूं हूं करत होती. दक्षिण आफ्रिकेतली झुलू भाषा लागली, तसा तिचा हात थांबला.

"परत लाव बघू." तिनं तीनदा ऐकलं. "अगं, हे तर आपण हळहळताना करतो ते च्च्! जीभ दातांमागे चिकटवून सोडलीय. हा दुसरा गालातून निघतो, घोडा हाकताना काढतात तसा. आणि तिसरा टाळूवरून, बूच उडाल्यासारखा."

धाकटीनं पुस्तक उघडलं. तेच तीन आवाज, त्याच तीन जागा.

"आई, आपण यानं नुसती कीव करतो. ते लोक यांचे शब्द करतात!"

"मग हीच घे. काकांना मी बघते."

पहिल्याच तासाला धाकटीनं तिन्ही आवाज बिनचूक काढले. शिकवणाऱ्या बाईंची ती मायबोली; त्या चकित झाल्या. "कुणी शिकवलं?"

"आईनं. कवळ्या करते ती."

पुढच्या आठवड्यात बाईंनी आईलाच वर्गात बोलावलं. टाळूचा प्लास्टरचा साचा घेऊन ती फळ्यापाशी उभी राहिली. मग साच्यावर बोट ठेवून तिनं जीभ कुठे टेकते, कुठून सुटते ते दाखवलं, आणि तीस पोरं एका दमात च्च् करू लागली. बाई स्वतः वहीत लिहून घेत होत्या.

"मॅडम, हे मी आयुष्यभर बोलतेय," त्या म्हणाल्या, "पण असं सांगता आलं नसतं."

आजवर तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिसऱ्या बाकावर धाकटी शेजारणीला कोपरानं ढोसत होती, "माझी आई आहे ती!" ते आईनं ऐकलं, पदर सारखा केला आणि मागच्या बाकांवर ओरडली, "गाल फुगवू नका रे! पुन्हा म्हणा."