सुलक्षणा गेली त्या आठवड्यात

मालिकेतल्या सुलक्षणानं जीव दिला, त्या संध्याकाळी सौसरच्या एका गल्लीतल्या बाया पंचफुलाबाईच्या ओसरीवर जमल्या. चार वर्षं रोज सात वाजता भेटणारी सून अशी एकाएकी गेली, हे कोणाला पटत नव्हतं.

"मेली नसन ते," पंचफुलाबाई म्हणाली. "नुसती रिकामी खोली दाखवली अन् चिठ्ठी वाचली. तिच्या जावेचाच हात हाय यात."

"चिठ्ठीतलं अक्षर तिचं नव्हतं," दुसरी म्हणाली.

मग बोलणं मालिकेतून गल्लीत उतरलं. कोणाची सून हल्ली गप्प असते, कोणाची फोन घेऊन गच्चीवर बसते. पंचफुलाबाईनं शेजारच्या कलाबाईकडे पाहिलं. "तुमची सून पल्लवी दर बुधवारी पांढुर्ण्याले कायले जाऊन राहिली?"

"शिलाईच्या क्लासले."

"महिना झाला. एक ब्लाउज तरी शिवला का तिनं?"

कलाबाई उठून घरी निघाली.

घरी आली तेव्हा पल्लवी भाकरी थापत होती. डोळे लाल. धुरानं असतील, किंवा नसतील. कलाबाईचा नवरा रघुनाथराव टीव्ही बंद करून भिंतीकडे तोंड करून पडला होता. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर तीस वर्षं नोकरी करून तो मागच्या वर्षी घरी बसला होता. मुलगा अंकुश बोरगावच्या कारखान्यात पाळीवर होता.

त्या दिवसापासून कलाबाईनं सुनेवर नजर ठेवली. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. पल्लवी न्हाणीत गेली की ती बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐके. फोनवर बोलताना पल्लवी आवाज खाली करायची, आणि कलाबाईला पाहिलं की बोलणं थांबवायची. एकदा तर कानावर आलं, "नाही, अजून त्यायले काहीच माहीत नाही."

बुधवारी पल्लवी परत आली, तशी पाणी भरायला मागे गेली. कलाबाईनं तिची पर्स उघडली. आत सुईदोरा नव्हता. एक पर्ची होती, नंबर लावल्याची, इथल्या सगळ्या दवाखान्यांसारखी हिंदीत छापलेली. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. पांढुर्ण्याच्या डॉक्टरचं नाव, खाली 'मनोरोग', त्याखाली पेनानं पल्लवीचं नाव.

पल्लवी घागर घेऊन आत आली तेव्हा पर्ची कलाबाईच्या हातात होती.

"काय झालं तुले? माह्या पोरानं काही केलं? मी काही बोलली?"

पल्लवीनं घागर खाली ठेवली. "माह्यासाठी नाही, आई. बाबांसाठी."

"कोन्या बाबांसाठी?"

"आपल्याच. त्यायले न विचारता त्यायच्या नावानं नंबर कसा लावू? म्हणून माह्या नावानं लावला." ती खाली बसली. "त्यायनं शेजारच्या नत्थूजीले आपला रेडिओ देऊन टाकला. मले बसवून सांगितलं, घराचे कागद कोन्या पेटीत हाय, पाण्याची मोटर कशी चालू करायची. विहारात जाणं सोडलं. अंकुशले सांगितलं, तर ते म्हणाले बाबा थकले असतील."

"अन् मले नाही सांगितलं?"

"आधी हिंमत नाही झाली. या आठवड्यात सांगणार होती, पण तुमी माह्याच मागे होत्या. न्हाणीपाशी उभ्या राहत होत्या. मले वाटलं, हे ऐकून तुमी मलेच वेडी ठरवसान."

कलाबाईला राग आला होता. कोणाचा, ते तिला कळेना. तिनं गेले दिवस आठवून पाहिले. रघुनाथराव जेवला होता का, तेही तिला नीट सांगता आलं नसतं. ती पूर्ण वेळ दुसरीकडे पाहत होती.

"डॉक्टर काय म्हणते?"

"मरायचं मनात येते का, सरळ विचारा म्हणते. विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही, उलट माणूस मोकळा होते. अन् घेऊन या म्हणते."

रघुनाथराव अंगणात खाटेवर बसला होता. उन्हं अजून भिंतीवर होती. कलाबाई त्याच्या शेजारी बसली. चाळीस वर्षांत ती त्याच्याशी अशी जवळ बसून फार थोडं बोलली होती.

"अवो, एक विचारतो. खरं सांगा. जिवाचं काही करावं, असं येते का तुमच्या मनात?"

तो नाही म्हणेल आणि आपण विश्वास ठेवणार नाही, असं तिला वाटलं.

"येते," तो म्हणाला. "कारण काही नाही. कोनी काही केलं नाही. सकाळ झाली की वाटते, कायले झाली."

तिनं त्याचा हात धरला. तो सोडवून घेईल असं वाटलं होतं. त्यानं सोडवला नाही. त्याचा खांदा हलू लागला तेव्हा पल्लवी दारात आली आणि तिथेच उभी राहिली. त्या दिवशी दोघींनी त्याला क्षणभरही एकटं सोडलं नाही. अंकुशला फोन करून बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं चौघं पांढुर्ण्याला गेली. डॉक्टरांनी त्याला एकट्याला अर्धा तास आत घेतलं, मग सगळ्यांना. गोळ्यांचा फरक पडायला काही आठवडे लागतील, म्हणाले. तोवर घरात कोणीतरी सोबत राहा, आणि दर बुधवारी या.

परतीच्या बसमध्ये रघुनाथराव खिडकीपाशी बसला. संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या.

"कसं वाटून राहिलं?" कलाबाईनं विचारलं.

"आज नाही सांगता येत. उद्या विचार."

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.