तिळाएवढी जाळी

“एवढं भिंतीएवढं यंत्र, आणि त्यात एक जंतू सापडत नाही म्हणजे काय!”

दाराच्या फटीतून सासूबाईंची कुरकुर आत आली तेव्हा तिच्या चिमट्यात तिळाएवढी तांब्याची जाळी होती. श्वास रोखून तिने जाळीच्या कडेला टिपकागद लावला. दिराच्या लघवीचा आणि त्यावर घातलेल्या रंगाचा जादा थेंब कागदाने पिऊन घेतला. आधीच्या जाळीवर काहीच मिळालं नव्हतं.

बाहेर, ती नोकरी करायची त्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या बाकावर सगळं घर बसलं होतं. सासूबाई, तिचा नवरा आणि दोघांच्या मध्ये, सुजलेले पाय पुढे पसरून, धाकटा दीर. नातेवाइकांना इथे यायची बंदी होती. पण सासूबाईंना अडवणारा अजून जन्माला यायचा होता.

गेल्या वर्षी नवऱ्याने आपली एक किडनी भावाला दिली. तिलाही विचारलं होतं. म्हणजे तारीख ठरल्यावर कळवलं होतं. तेव्हापासून दिराने सायकल काढली की घरातून सासूबाईंचा आवाज यायचा, “जपून रे, दादाची किडनी आहे.” त्याला परगावी नोकरी मिळाली, तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. दादाने काय यासाठी दिली का? नोकरी राहूनच गेली.

आता ती किडनी बिघडत चालली होती. डॉक्टरांना दोन संशय होते. एक तर तिच्यात व्हायरस जागा झाला असेल, नाहीतर शरीर तिला परकी समजून हाकलत असेल. तसं होऊ नये म्हणून तर रोजच्या गोळ्या होत्या.

“गोळ्या वेळेवर घेता ना?” डॉक्टरांनी दिराला विचारलं होतं.

“घड्याळ लावून,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

रक्तात औषध कमी भरलं, तेव्हा त्यांनी तपासणाऱ्यांचं मशीन बिघडलं असं ठरवून टाकलं. दीर खिडकीबाहेर बघत राहिला. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. सगळे व्हायरसची वाट बघत होते, लांबच्या पाहुण्याची बघावी तशी. तो आला की कुणाचाच दोष उरणार नव्हता.

तिने जाळी त्या भिंतीएवढ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये सरकवली. आतली हवा खेचून निघेपर्यंत थांबली, दिवा घालवला आणि हिरव्या पडद्यावर वाकली. व्हायरस असेल तर मोहरीसारखे गोल दाणे, एकमेकांना चिकटलेले, गठ्ठ्यांनी दिसायला हवे होते. एकेक चौकोन ती सरकवत गेली. क्षारांचे खडे, फाटक्या पेशी, नुसता केर. एका कोपऱ्यात काहीतरी गोल दिसलं आणि तिचा हात थबकला. मोठं करून पाहिलं. रंगाचा डाग. आपण किती आशेने वाकलो होतो हे लक्षात येऊन तिला स्वतःचाच राग आला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी येऊन सगळं पुन्हा नजरेखालून घातलं.

“‘दिसला नाही’ असं लिही,” त्या म्हणाल्या आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

इथे नुसतं ‘नाही’ कधीच लिहीत नसत. एका थेंबावरून छातीठोक कोण सांगणार? हा नम्रपणा तिला नेहमी आवडायचा. आज तो फार सोयीचा वाटला.

ती बाहेर आली.

“दिसला नाही.”

“बघ! दिसला नाही एवढंच ना?” सासूबाई म्हणाल्या. “चष्मा बदल गं तुझा.”

“अजून एकदा बघ ना,” नवरा म्हणाला. शर्टावरून त्याचा हात कुशीतल्या व्रणाकडे गेला. “मी सुट्टी टाकलीय. थांबतो.”

तिला ‘बघते’ म्हणता आलं असतं. आजचा दिवस निभला असता.

“कितीही जाळ्या केल्या तरी तेच,” ती म्हणाली. “व्हायरस नाहीये, आई.”

“मग डॉक्टरांनीच गोळ्या कमी दिल्या! मिसरूड फुटलं नाही अजून त्या पोराला. हा तर रोज घ्यायचा. मी विचारायचे ना सकाळी, ‘दादाची घेतलीस का?’ गोळी म्हणून कधी म्हटलं नाही. उगाच आजारी वाटायला नको.”

दीर हसला.

“हसतोस काय? पोट फाडून दिलंय त्याने.”

“आई, गोळ्या मी बेसिनमध्ये टाकत होतो.”

एक वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आला. सगळ्यांनी पाय आत घेतले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी पाय कुणी पुढे केले नाहीत.

“विसरला असशील एखाद्या वेळी,” सासूबाई पुटपुटल्या. “विसरतं माणूस.”

“विसरलो नाही.”

नवऱ्याचा हात व्रणावरून खाली आला.

“का रे?” त्याने विचारलं. लहानपणी पडून आलेल्या भावाला विचारावं, तितक्याच हळू.

दिराने आधी वहिनीकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही.

“मला नको होती ती, दादा,” तो म्हणाला. “तेव्हाही नको होती.”