टाळं ठोकलं तो दिवस

“हाक मारणं म्हणजे बघणं नव्हे. आत जाऊन ये.” पहारेकरी काकांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या ताईला एवढंच सांगितलं होतं.

“काका, आज संप आहे. आत काय भुतं वाचत बसलीत?” असं म्हणत ताईनं मला कडीत अडकवलं आणि किल्ली फिरवली.

मित्रांनो, मी तेच जुनं पितळी कुलूप आहे. माझ्या कारागिरानं आतली एकेक कळ कानसून, कानाशी धरून तपासली होती. एका लहानशा गावातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मी एकवीस वर्षं राखलं. कौतुक असं कधी वाट्याला आलं नाही.

त्या दिवशी मात्र साऱ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. टाळं ठोकायचा मान ताईला मिळाला होता. तिच्या कडेवर आठ महिन्यांची लेक, मागे शिपाई, कारकून, सफाईवाल्या. “रोजंदारीवाल्यांना कायम करा!” या घोषणेनं खिडक्या थरथरत होत्या. ताईनं आत तोंड करून हाक मारली होती, नाही असं नाही. पण ती घोषणांत बुडाली. मग तिनं विजेचं मुख्य बटण बंद केलं.

माझ्या खाली, भिंतीला निळ्या ठिगळाची छत्री टेकलेली होती. ताईनं ती पाहिली, पण मोर्चाची घाई होती.

मोर्चा लांब गेला तेव्हा तळघरातून आवाज आला. “अहो, दिवे का घालवले?” मग जिन्यावर धपकन काही पडलं. मग नुसतं कण्हणं. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त किल्लीपुरतं.

ताईनं नंतर सांगितलं, चौकात कुणीतरी बाळाच्या डोक्यावर छत्री धरली आणि तिला ग्रंथालयाच्या दाराशी टेकलेल्या छत्रीचं ते ठिगळ आठवलं; म्हणजे छत्रीचा मालक आतच राहिला होता. ती गर्दीतून उलटी फिरली.

“संप फोडायला निघालीस का गं?” एक कारकूनबाई म्हणाल्या.

“तसं समजा. बाळाला धरा आधी.”

तिनं माझ्यात किल्ली फिरवली आणि ती तळघराकडे धावली. जिन्याच्या पायथ्याशी पुस्तकं बांधणारे बाइंडरमामा उजवं मनगट धरून पडले होते. रोजंदारीवरचा माणूस.

“मामा, आज संप होता ना?”

“ठाऊक होतं गं. पण कालच दोन पुस्तकांना खळ लावली होती. दाबयंत्रात घातली नसती तर पुठ्ठे वाकडे झाले असते.” मग ते म्हणाले, “घोषणा ऐकल्या मी सगळ्या. माझ्यासाठीच होत्या ना?”

ताईनं त्यांच्या मनगटाला पदर गुंडाळला.

संप जिंकला. रोजंदारीवाले कायम झाले. मामांचा हात मात्र दाबयंत्र फिरवण्याजोगा उरला नाही, आणि कायम झालेल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलंच नाही. ग्रंथालयाला आकडे दाबून उघडायचं नवं कुलूप आलं. मी खोक्यात धूळ खात पडलं होतं, ताईनं उचलून मामांच्या दाराला लावलं. कामावरून परतताना ती रोज त्यांच्याकडे डोकावायची. नुसती हाक नाही, आत जाऊन. गेल्या महिन्यात तिची बदली झाली.

मामा एकटे राहतात. रोज सकाळी बाहेर पडताना डाव्या हातानं मला लावतात. पण कालपासून मी कडीत उघडंच लटकतं आहे. छत्री दाराशी टेकलेली आहे, म्हणजे ते आत आहेत.

मित्रांनो, तुम्ही याच गल्लीतून जाता. हाक मारून पुढे जाऊ नका. दार लोटलेलंच आहे. आत जाऊन या.