मोटारीची जुनी चकती

नवा रेकॉर्ड प्लेअर तिच्या पगारात बसणारा नव्हता, म्हणून तिने माळ्यावरचा बाबांचाच खाली काढला. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या बाईला एवढं कळतं, की चौकट धड असेल तर नुसती काच बदलावी. सुई जुन्या बाजारात मिळाली. स्पीकर भाच्याने अडगळीतून काढून दिला. तबकड्या मामाने इतकी वर्षं कपाटात उभ्या ठेवल्या होत्या, म्हणून एकही वाकली नव्हती. तिने आभार मानले तर मामा म्हणाला, "आभार कसले? त्यांच्यापायी माझे शर्ट वर्षानुवर्षं खुर्चीवर राहतायत."

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. पूर्वी तबकडी लागली की आई भाजी चिरताचिरता गायिकेच्या बरोबरीने गायची. बाबा गेले आणि तिचं गुणगुणणंही थांबलं. लेकीला ते परत हवं होतं.

मेकॅनिकने प्लेअरची मोटार चालू केली. "ताई, आता अगदी घड्याळासारखा फिरतो," तो म्हणाला आणि काडेपेटीत घालून एक पितळी चकती तिच्या हातावर ठेवली. "मोटारीवर ही असते, हिच्यावरून पट्टा फिरतो. झिजून बारीक झाली होती. नवी बसवलीय."

संध्याकाळी तिने आईची आवडती तबकडी लावली. आईचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला गाणं वर चढलं, तसा तिचा आवाज फाटला आणि ती खोकायला लागली.

"ही कोण गातेय?"

"तीच. कव्हरवर फोटो आहे बघ."

"फोटो तिचा असेल. हिला कुठे गाडी पकडायचीय?"

दुसरी तबकडी लावली, तिची तीच गत. "राहू दे," आई उठत म्हणाली, "माझंच वय झालं." आणि आत जाऊन चादरींच्या घड्या घालत बसली.

ते वाक्य लेकीला लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ती चकती दुकानातल्या भिंगाखाली धरली. झिजलेली वस्तू एका बाजूने खाल्ली जाते, तिला खड्डे पडतात. ही चारी बाजूंनी सारखी होती. अंगावर केसासारख्या बारीक रेघा होत्या, लेथवर धातू उतरवला की राहतात तशा. कडाही हलकेच गोल केलेल्या. हे काम करणारे हात तिच्या ओळखीचे होते. बाबा घड्याळजी होते. मिनिटभर मागे पडणारं घड्याळ त्यांनी कधी गिऱ्हाइकाला परत दिलं नव्हतं.

ती मेकॅनिककडे गेली. "जुनीच बसवा."

"ताई, हळू फिरेल. सगळी गाणी खाली उतरतील."

"तेच हवंय."

मेकॅनिकने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्क्रू सोडवला. पैसे घेतले नाहीत. बिघडवायचा दर अजून ठरवलेला नाही, म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने आईला काही न सांगता सुई टेकवली. पहिल्या ओळीला आई आत नुसती भाजी चिरत होती. दुसरी ओळ वर चढली, तेव्हा आतून आवाज आला. थोडा थरथरता, पण न फाटता वरपर्यंत पोचलेला. लेक भिंतीला टेकून उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही.

मग तिने नवी चकती आईच्या हातावर ठेवली आणि जुनीची हकिकत सांगितली. आईने ती चकती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

"लग्न झाल्यावर पहिल्यांदा या गायिकेबरोबर गायले," ती म्हणाली, "तेव्हाही इथेच फाटला होता आवाज. हे हसले नाहीत. यंत्राला तेल घालायला झालंय म्हणाले आणि दुकानात घेऊन गेले."

"मग?"

"मग काय. एवढ्या मोठमोठ्या गायिका, पण सगळ्या नेमक्या माझ्याच पट्टीत कशा गातात, याचं जन्मभर नवल करत आले." तिने पदराने डोळे पुसले. "माणूस एका शब्दाने बोलला नाही बघ."

तबकडीवर सुई नुसतीच खरखरत होती.

"बघतेस काय," आई म्हणाली, "उलटी बाजू लाव."